जित्या माणसाचा करगोटा

शिरोडा,
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय विनीतदादा,

तू आणि वहिनी बरे असाल. फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्या घरात फोन स्पीकरवर असतो आणि आई शेजारी. म्हणून पत्र.

बाबांच्या पोटातल्या डायलिसिसच्या नळीची जागा बरी झाली. ‘थोडं लाल झालं होतं,’ एवढंच आईने तुला सांगितलं. पू होता. नळी कातडीबाहेर येते तिथे खपली धरायची, दाबलं की दुखायचं. मी हात धुऊन, मास्क लावून, पंखा बंद करून त्यांच्या पोटातलं डायलिसिसचं पाणी बदलते, रोज मलम लावते. तरी जंतू कुठून आले ते कळेना. मग एकदा बाबा आंघोळ करून आले आणि दिसलं. कमरेचा ओला करगोटा नळीवर घासत होता. माझ्यासमोर बसताना ते तो वर सरकवायचे. उठले की खाली.

मी कात्री घेतली. आई आडवी आली.

“जित्या माणसाचो करगोटो कोण कापता गो? मेल्यार कापतत तो!”

“आये, नळी घासता ती.”

“तुझो न्हवरो असतो तर कापलं असतंस?”

बाबा खाटेवरून म्हणाले, “काप गो. यम काय कंबर तपासून न्हेता?”

कापला. आईचा अबोला अजून सुटलेला नाही. जेवायला मात्र वाढते.

गोव्याच्या डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला, गोळ्या दिल्या. म्हणाले, जंतू नळीच्या वाटेने आत शिरले तर नळी काढावी लागेल. मग आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात, मशीनवर. आईने देवळात गाऱ्हाणं घातलं. मीही शेजारी हात जोडून उभी होते.

दादा, मी काय मागत होते ते लिहिते. नळी निघावी.

मग हे काम हॉस्पिटलचं झालं असतं आणि मी पुण्याला परत गेले असते. तिथे मी मोजमापाची यंत्रं तपासते; कोणाची चूक किती, ते आकड्यात सांगता येतं. इथे एकदा पाणी बदललं की पुढच्या वेळेपर्यंत जिथवर जाऊन परत येता येईल, तिथवरच मी. वेंगुर्ल्याच्या पुढे नाही.

मलम मात्र मी एकदाही चुकवलं नाही. दोन्ही खरं आहे.

नळी वाचली. काल आई शेजारच्या सुभद्राकाकूंना सांगत होती, “आमचा चेडू आसा घरात, नर्स कित्याक व्हयी?” काकू हसल्या. बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मी जुनी पट्टी पिशवीत बांधत राहिले.

माझी रजा वाढवायला कंपनीने नकार दिला आहे. एक ऑक्टोबरला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. घरात कोणाला माहीत नाही. तू दर वेळी म्हणतोस, सुट्टी मिळत नाही. मी कधी पुढे विचारलं नाही. आता सांगते, ये. शिकणं कठीण नाही. नखं कापून ये, बाकी मी दाखवीन.

तू आला नाहीस तर मी बाबांना सोडून जाणार नाही, हे तुला माहीत आहे. त्यामुळेच तू येत नाहीस, हे मला लिहायचं नव्हतं.

उत्तर पाठवू नकोस. ये.

अनुजा