विमान उतरलं का

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज यांचा दहावा. सकाळी नदीवर गेलो. सुनिलभाऊजींनी डोकं केलं, पिंड ठेवले. कावळे समोर करंजावर बसले होते. एकही खाली आला नाही.

मग एकेक जण बोलायला लागला. भाऊजी हात जोडून म्हणाले, दादा, वहिनीला अंतर देणार नाय. कावळ्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही — बरोबरच आहे! मामांनी बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं. कोणीतरी म्हणालं, राघोला मूल नव्हतं, त्यातच जीव अडकला असेल. हे माझ्याकडे बघून.

आई म्हणाल्या, "तू बोल गो. शेवटच्या टायमाला तूच होतीस."

मी बोलले नाही. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. घरी आलो. बोटाची चिंधी भिजली होती, तशीच राहू दिली.

१५ नोव्हेंबर

आई माझ्या हातचं पाणी घेत नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

कावळा का आला नाही ते मला माहीत आहे. नदीवर पन्नास माणसांसमोर सांगता आलं नसतं. इथे लिहिते.

यांचा विमानाचा सिनेमा अर्धा राहिला.

लिहितानासुद्धा लाज वाटते. पण तेच खरं. संध्याकाळी भात टाकला की आम्ही दोघं हे सिनेमे बघायचो. परदेशातले, हिंदीत बोलणारे. थेटरातले नाहीत, टीव्हीसाठीच केलेले. विमान खेळण्यातलं आहे हे आंधळ्यालाही कळावं. ढग प्रत्येक सिनेमात तेच. एक पायलट दारुडा, एक बाई दिवस भरलेली, एक म्हातारा गोळ्या घरी विसरलेला. खाली एका खोलीत टाय लावलेली माणसं घाम पुसतात. कॅप्टन, इंजिन में आग! हे खो खो हसायचे. मीही. आम्ही दोघं कधी विमानात बसलो नाही, बसणारही नव्हतो. मोठ्या माणसांना आरडाओरडा करताना बघून बरं वाटायचं. का ते विचारू नये.

एकदा खऱ्या विमानाची बातमी लागली. यांनी टीव्ही बंद केला. पुढे आठवडाभर आम्ही एकमेकांसमोर त्या सिनेमांचं नाव काढलं नाही. मग पुन्हा लावले.

पैज असायची. कोण मरणार, चाक उघडणार का. हरेल त्याने चहा करायचा. हे कायम जिंकायचे. कायम! मी शहापूरला बारावीपर्यंत शिकलेली, हे सातवी. तरी यांना आधीच कळायचं. चहा मीच करायची.

त्या संध्याकाळी मात्र म्हणाले, "लाव पैज. विमान पडणार." मी हसले. म्हटलं, ह्या सिनेमांत विमान कधी पडतं का? उतरणार. म्हणाले, "पडणार म्हणजे पडणार. चहा." एका बाजूचं चाक अडकलं आणि जाहिराती लागल्या. हे उठून आत गेले. मला वाटलं पाण्याला. पातेलं पडल्याचा आवाज आला.

गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. मागे टीव्ही चालूच होता. भाऊजींनी येऊन बंद केला.

१७ नोव्हेंबर

तेरावं झालं. आईंनी टीव्हीवर माझीच जुनी साडी टाकली. वर्षभर लावायचा नाही. जेवायला बसलेल्या बायकांना सांगत होत्या, "पोरगा माझा अडकलाय मधी. हिला म्हायती हाय कशापायी, पन तोंड उघडत नाय." म्हणजे मी काहीतरी लपवलं. जमिनीचं असेल, असं सगळ्यांनी धरून घेतलंय. धरू दे.

२१ नोव्हेंबर

लावला.

आई दुपारी झोपतात तेव्हा. आवाज बंद करून, साडी वर सारून. विमान होतं, पण ते नव्हतं. माणसं नुसती तोंडं उघडत होती. तरी हसू आलं! पदर तोंडात धरला. नवरा जाऊन सतरा दिवस नाही झाले आणि बाई विमानाला हसते.

मग राग आला. त्या तिकडे एका माणसाला छातीत दुखलं तर अख्खं विमान धावतं. डॉक्टर प्रवाशांतच बसलेला असतो! इथे धसईच्या रस्त्याला मी गाडीची वाट बघत उभी.

खाली पट्टीवर लिहून आलं, दुपारी लागतो तोच संध्याकाळी परत लागतो. मला माहीत नव्हतं. दुपारी मी कधी घरी नसते.

२४ नोव्हेंबर

तो नाही लागला.

२७ नोव्हेंबर

तो नाही. आज भाऊजींनी बघितलं. दारातून म्हणाले, "वहिनी, तुमचं चालू द्या." आईंना सांगितलं असणार. रात्री दोघी जेवलो. सांगावंसं वाटलं — आई, तुमच्या मुलासाठीच बघते. त्याला शेवट कळला की सुटेल. त्या काय म्हणाल्या असत्या!

३० नोव्हेंबर, रविवार

बाजारात गेले होते. हनुमानच्या सलूनमध्ये टीव्ही दिवसभर चालू असतो. हे भातगिरणीत कामाला, दुपारी तिथेच टेकायचे. दहाव्याला भाऊजींचं डोकंही हनुमाननेच केलं. म्हटलं, याला विचारावं. गिऱ्हाईक नव्हतं. बाहेरूनच विचारलं, तो विमानाचा सिनेमा, एका बाजूचं चाक अडकलेला, परत कधी लागेल?

त्याने कात्री खाली ठेवली. "राघोनं बघितलेला तो?"

मी म्हटलं, अर्धाच बघितला.

"नाय वहिनी. दुपारी इथं अख्खा बघितला त्यानं. सगळे इथंच बघायचा. मंग घरी जाऊन तुमच्याशी पैज लावायचा." हसायला लागला, आणि थांबला.

इतकी वर्षं! इतके चहा!

मग तोच खाली बघून म्हणाला, "त्या दिशी उठताना बोलला, विमान नीट उतरतंय रे. आज उलटं सांगतो नि हरतो. तिचं बोट कापलंय, चहा आज मी करणार. नदीवर माझ्या जिभेवर आलं होतं, वहिनी. पन समदे जमिनीचं बोलत होते. त्यात चहाचं कसं बोलू?"

बोट भात कापताना विळ्याने चिरलं होतं. त्या सकाळी मी यांना टाकून बोलले होते, एक दिवस तरी कुणी आयता चहा द्यावा. हे काहीच बोलले नव्हते.

पाण्याला नव्हते गेले. सिनेमा संपायचीही वाट बघितली नाही. एवढं सरळ तोंडाने सांगायचं होतं — बस, मी चहा करतो. त्याला पैज कशाला लागते? त्याला विमान कशाला लागतं?

भाजी न घेताच परत आले.

२ डिसेंबर

दुपारी तो लागला. चाक अडकेपर्यंत बघितला. मग बंद केला, साडी नीट टाकली. त्या पातेल्याला एका बाजूने पोचा आला आहे. त्यातच चहा ठेवला. एक कप. बसून प्यायले.