आमची गाडी कोण नेतो, बघतोच

४ फेब्रुवारी, मंगळवार
साडू फसला. सकाळी मेहुणीचा फोन. तासाभरात तुमची वीज तोडणार, असं कुणीतरी साडूला सांगितलं. त्या माणसाने सांगितलेलं ॲप साडूने घेतलं, मोबाइलवर आलेला आकडा वाचून दाखवला, खातं साफ. हा माणूस कारखान्यात माल तपासायला होता. कसला माल पास केला असेल देव जाणे.

मी लगेच फोन करून त्याला नीट समजावलं. अनोळखी माणसाला काय सांगू नये, कुठे बोट लावू नये, सगळं. पाऊण तासाने हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला. म्हणे जखमेवर मीठ चोळू नका. मी त्याच्या भल्यासाठीच बोलत होतो.

संकल्प : या घरात फसवणूक शिरणार नाही. एकोणतीस वर्षं अभिलेख विभागात आहे. एक कागद हरवला नाही. सापडायला वेळ लागतो, ते वेगळं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
पलीकडच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरची गाडी गेली. चावी आत ठेवून, इंजिन चालू ठेवून, दुकानात शिरला. जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावला, स्वतःच्या गाडीत डोकावायला सुचलं नाही.

आमची गाडी सहा वर्षं जुनी, राखाडी, डाव्या दाराला पोचा. ही म्हणते, आपली कोण नेणार? चोराला अशाच गाड्या हव्या असतात, नजरेत न भरणाऱ्या. आणि सध्या गाडी फार गरजेची. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मंगळवार, गुरुवार, शनिवार व्यायामाला न्यावं लागतं. दीड महिन्यात गुडघा वाकला नाही तर तसाच ताठ राहील, असं डॉक्टरांनी बजावलंय. नेते ही. गाडीच्या रक्षणाची जबाबदारी माझी.

स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा आणला. त्याला वेगळं कुलूप, वेगळी चावी.

८ फेब्रुवारी, शनिवार
दांड्याची चावी कुणाला सापडणार नाही अशा जागी ठेवली होती. सापडली नाही. सासूबाई मागच्या सीटवर पंचवीस मिनिटं पाय लांब करून बसल्या. मग त्यांना परत वर आणलं. व्यायाम बुडाला.

संध्याकाळी चहाच्या डब्यात चावी मिळाली. हिचा चेहरा बघण्यासारखा होता. पण मुद्दा असा की चोरालाही सापडली नसती. योजना यशस्वी.

११ फेब्रुवारी, मंगळवार
गाडीला अलार्म बसवला. शेजारच्या गाडीचं दार लावलं की वाजतो. मांजर बॉनेटवर बसलं की वाजतो. एकदा मी जवळून शिंकलो तेव्हा वाजला. याला म्हणतात संवेदनशील यंत्र.

सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. तिसऱ्या मजल्यावरचं बाळ दुपारपासून झोपलेलं नाही म्हणे. चोर बाळाची झोप झाल्यावर येणार आहे का, असं मी विचारलं. ते बाजूला सरकले. मागे सात जण उभे होते.

अलार्मची वायर काढली. 'या गाडीला अलार्म आहे' हे स्टिकर ठेवलंय. खरा धाक स्टिकरचाच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी एका बाईचा फोन. गोड आवाज. क्लिनिकमधून बोलते, आजची वेळ बदलली आहे, पेशंटची जन्मतारीख सांगा. मी मनात म्हटलं, आलीस का जाळ्यात. उलट तिलाच तिचं नाव, शिक्षण, वडिलांचा धंदा विचारला. असल्या कामाची लाज वाटत नाही का, हेही विचारलं. तिने फोन ठेवला. भामटे असे पळतात.

(संध्याकाळी) ती खरोखर क्लिनिकमधली बाई निघाली. व्यायाम घेते तीच. ही माफी मागायला स्वतः गेली. आजचा व्यायाम बुडाला. ही माझ्याशी बोलत नाही. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "जावईबापू, यापुढे फोन मीच घेत जाईन." वय झालंय, काही तरी बोलतात.

तत्त्व म्हणून मी बरोबरच होतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार
मोबाइलवर एक उत्तम परीक्षा आली : 'तुम्ही किती सुरक्षित?' वीस प्रश्न. पहिले दहा ओटीपी, लॉटरी, पार्सल वगैरे. हसत हसत सोडवले. पुढचे दहा वैयक्तिक. नाव, पत्ता, जन्मतारीख, गाडीचा नंबर, गाडी कुठे लावता, कुलपं किती, घरी कधी असता. फार खोलात शिरून विचारलंय. सरकारी फॉर्म असे हवेत.

वीसपैकी वीस. 'सुरक्षा तज्ज्ञ, प्रथम श्रेणी' असं प्रमाणपत्र आलं. रंगीत प्रिंट काढली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. तिथे आधी हिच्या आईवडिलांचा फोटो होता. तो आता आतल्या खोलीत, जास्त सुरक्षित.

ही बोलली. "ते काढा," एवढंच. तरी सुरुवात चांगली आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत व्याख्यान दिलं. विषय : फसतो तो का फसतो. नऊ जण आले, चार डबा संपवून उठून गेले. साडूचं उदाहरण घेतलं, नाव न घेता. फक्त 'माझे साडू' म्हटलं.

आवक-जावक टेबलाची पोरगी विचारते, परीक्षेला गाडीचा नंबर कशाला लागतो, सर? मी म्हटलं, वाट्टेल त्या माणसाला प्रमाणपत्र देतात का? ती डबा उचलून गेली. या पिढीला खोलात जायची सवय नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ११.१०. आनंदाचा दिवस. परीक्षावाल्यांनी माणूस पाठवला. निळा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, बूट बाहेर काढून आत आला. प्रथम श्रेणीवाल्यांच्या गाडीच्या सगळ्या काचांवर नंबर फुकट कोरून देतात. मग ती गाडी चोराला विकता येत नाही. शिवाय दोन्ही चाव्यांना नवा कोड. रविवारीसुद्धा काम! आमच्या ऑफिसने शिकावं.

मी त्याला तसा सोडला नाही. वीस मिनिटं उलटतपासणी. माझं नाव, जन्मतारीख, गाडीचा नंबर, सगळं त्याला पाठ. भामट्याला हे कुठून कळणार? ओळखपत्र दोन्ही बाजूंनी तपासलं. फोटो त्याचाच होता. ही म्हणाली, आधी कंपनीला फोन करा. केला. नंबर ओळखपत्रावरच होता. एका सभ्य गृहस्थाने उचलला, म्हणाला आमचाच माणूस, अगदी विश्वासू.

दांड्याचं कुलूप कसं उघडतं ते मी करून दाखवलं. अशी व्यवस्था आजवर बघितली नाही, असं तो म्हणाला. पुन्हा दाखवायला लावलं. गुणांची पारख असलेला माणूस.

गाडी वर्कशॉपला नेली. दोन तासांत परत. रीतसर पावती दिली आहे.

१.४०. काचा सहा आहेत. वेळ लागणारच.

३.१५. सासूबाई खिडकीशी खुर्ची घेऊन बसल्या आहेत. विचारतात, "तो मुलगा जेवून यायचा असेल का हो?" मी म्हटलं, आई, कोरीव काम आहे ते.

४.३०. वर्कशॉपचा फोन बंद. रविवार आहे. एवढं राबल्यावर माणसाने फोन बंद ठेवला तर बिघडलं कुठे?

५.५०. ही पावती बघत बसली आहे. पावतीवर पत्ता नाही, ही गोष्ट माझ्या आधीच लक्षात आली होती.

६.३०. उद्या सकाळी आणतील.

२४ फेब्रुवारी, सोमवार
आणली नाही. पोलीस चौकीत गेलो. ही बरोबर. हवालदार वयस्कर, नाकावर चष्मा. गाडी चोरीला गेली की तुम्ही दिलीत, हा त्याचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, नेली. कुलूप कसं तोडलं? तोडलं नाही, मी उघडलं. चावी कुठून मिळाली? मी दिली. दुसरी चावी? तीही. हवालदाराने पेन खाली ठेवलं.

"धक्काही तुम्हीच मारलात का?"

इंजिन गार होतं. एकदाच मारला, मी आणि वॉचमनने. काल लिहायचं राहिलं.

हवालदार हसला नाही. पलीकडच्या टेबलावरचा हसला. मी प्रमाणपत्र पुढे ठेवलं. त्याने ते जोडपत्र म्हणून लावून घेतलं, फ्रेममधून काढून. चोरीचा नव्हे, फसवणुकीचा अर्ज झाला. विमावाला म्हणतो, दोन्ही चाव्या स्वतः दिल्यात, तर अवघड आहे.

रिक्षात ही एवढंच म्हणाली, "आईचे आधीच दोन दिवस बुडलेत." मी मीटरवर नजर ठेवली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिसात कळलं आहे. आवक-जावकची पोरगी टेबलापाशी आली. पाण्याचा ग्लास आणून ठेवला. हे बरं नव्हे.

क्लिनिकला कसं जायचं हा प्रश्न होता. साडू स्वतःची गाडी घेऊन आला. कुणी बोलावलं, विचारलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
आज अर्धी रजा टाकून मीही क्लिनिकला गेलो. पुढच्या सीटवर साडूशेजारी. तो काय बोलणार याची तयारी ठेवली होती. उत्तरंही तयार होती, चार-पाच. संपूर्ण रस्ताभर तो रस्त्याच्या खड्ड्यांविषयी बोलला. माझ्या गाडीविषयी चकार शब्द नाही. असा माणूस फार त्रास देतो.

व्यायामवाल्या बाईने सांगितलं, गुडघा हळूहळू वाकतोय, पण आता एकही दिवस चुकवू नका. मी भिंतीवरचा तक्ता वाचत होतो.

खाली आलो. सासूबाईंना बाकावर बसवलं. साडूला शेजारच्या बँकेत जायचं होतं, त्याच्या त्या तक्रारीची चौकशी करायला. म्हणाला, दहा मिनिटांत येतो, तुम्ही गाडीत बसा. त्याने चावी पुढे केली. मी हात पुढे केला. चावी माझ्या हातावरून पलीकडे हिच्याकडे गेली. हिने ती मुठीत धरली.

मग मी सासूबाईंची काठी उचलली. म्हटलं, आई, चला, काठी मी धरतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार प्रेमाने पाहिलं. आणि हात पुढे केला.

"असू दे, जावईबापू. माझ्याजवळच बरी."