झाडाचा चीक

३ जून

चि. छोटीस, ताईचे अ. उ. आ. आणि थोडा राग.

फोनवर तुझ्यामागे नवरा खाकरत असतो, म्हणून लिहिते. तुझं कुंडीतलं डंब केनचं झाड छताला टेकलं म्हणतेस. लाड करून तूच त्याला डोक्यावर बसवलंस. आता वीतभर बुंधा ठेव, बाकी छाट. खोडाचे बोटभर तुकडे कर, प्रत्येकाला कोंब फुटायचा एक डोळा हवा. जरा सुकले की ओल्या मातीत आडवे घाल. हातमोजे विसरू नकोस. चीक तोंडात गेला तर जीभ सुजते, वाचा बंद होते. तुझ्यासारख्या बडबडीला ते परवडायचं नाही.

आणि दंडावरचे वळ दार लागून उठत नाहीत. मी दुधखुळी नाही. आमची मागची खोली रिकामी आहे.

माया आहेच, तीत खंड नको.
ताई

१० जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

दवाखान्यातून लिहिते आहे, कारण बोलता येत नाही. तुझं पत्र ह्यांच्या हाती लागलं. रिकाम्या खोलीचं वाचलं आणि माथं फिरलं. मी झाड छाटायला बसले होते, माझ्या हातची सुरी हिसकावून त्यावर सपासप वार केले, मग केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. चिकाचं तू लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. बहिणीकडे तोंड सुटतं ना, ते बंदच करतो, म्हणाला. तुटलं पान तोंडात कोंबून जबडा दाबून धरला. निखारे गिळल्यासारखं झालं गं. श्वास अडला तशी हाताला लागलेली कुंडी मी त्याच्या कपाळात घातली. रक्त आलं तेव्हा सुटले.

शेजारच्या शिंपीणबाईंनी इथे आणलं. खुणेनं सांगून मी झाडाचे तुकडेही पिशवीत भरून घेतले. स्वतःला दोष देऊ नकोस. न्यायला ये.

तुझी छोटी

१२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

लेकीचं बाळंतपण निवांत उरकून ये, तुझं घर मी सांभाळते आहे. तुकड्यांची झाडं अशी माजलीत की काल छाटायला बसले. तेवढ्यात दार वाजलं. तोच होता, कपाळावर माझी खूण घेऊन. घटस्फोटाची नोटीस मिळाली होती. आधी चूक झाली म्हणाला, मग आवाज चढला, मग पाय दारात घातला. पूर्वी मी मान खाली घालून वाट दिली असती. हातमोजे घातलेले होते, तुझी आज्ञा. सुरीवरून चीक ठिबकत होता. मी एक ताजं पान कापून त्याच्या तोंडापुढे धरलं. जीभ अजून अडखळते, पण स्पष्ट म्हणाले, आधी हे चाव, मग बोलू.

पानाकडे बघत तो एकेक पायरी मागे उतरत गेला.

शेंडा तुझ्यासाठी लावून ठेवलाय. बाळाला पापा, आणि माझ्यावर लोभ असू दे.
छोटी