त्यांच्या पश्चात

४ जानेवारी, रविवार
आज एक जुने गायक गेले. चहाच्या आधीच श्रद्धांजली लिहून गावाच्या ग्रुपवर टाकली. निवृत्तीनंतर हेच काम. दुपारपर्यंत अंगठे आणि जोडलेले हातच दिसत होते.
सौ. म्हणाली, "कोन गेलं की तुमाला उजाडतं."
बोलू दे. तिला तयारीच्या वहीबद्दल माहीत नाही. ज्यांचं वय झालंय, अशा नामवंतांवर आधीच लिहून ठेवतो. वाईट दिसतं, पण ऐनवेळी सुचत नाही. अकराव्या पानावर शालनबाई आहेत. त्यांच्याच घरी दर गुरुवारी चहा पितो मी.

८ जानेवारी, गुरुवार
चार वाजता बाईंकडे. जुन्या सिनेमातली खाष्ट सासू म्हणजे शालनबाई. आमच्या आईने पडद्याकडे बघून बोटं मोडलेली आठवतात. आता बारा वर्षं धरणाच्या वरच्या अंगाला, छोट्या बंगल्यात एकट्या. एकट्या म्हणजे मंदा असते दिवसरात्र. धनगराची लेक, माझ्याच शाळेत सातवीपर्यंत होती. बाईंना डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून पेपर मी वाचतो.
"आज कोण गेलं, गुरुजी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि आज वर, "माझ्यावर लिहाल तेव्हा 'पोकळी निर्माण झाली' लिहू नका. पोकळी दातात असते."
हसलो. घरी येऊन वहीतली पोकळी खोडली.

११ जानेवारी, रविवार
काय करून बसलो.
सकाळी रस्त्यावरून अँब्युलन्स गेली. बाईंच्या बंगल्यावरून आली म्हणाले. मंदाला फोन लावला. रेंज नेहमीसारखी, येते-जाते.
"मंदा, बाई...?"
"गेल्या गुरुजी, आत्ताच..." आणि रडणं. फोन तुटला.
परत लावायला हवा होता. लावला नाही. का नाही, ते इथे तरी खरं लिहितो. आमचे माजी केंद्रप्रमुखही हल्ली श्रद्धांजल्या लिहितात आणि मागच्या दोन्ही वेळा ते माझ्या आधी होते. वही उघडली, अकरावं पान उतरवलं, पाठवलं.
बाई गेल्या होत्या त्या पुण्याला. दवाखान्यात. संध्याकाळी खिचडी खाल्ली म्हणे.
चाळीस वर्षं मराठी शिकवलं. 'जाणे' या क्रियापदाचे किती अर्थ होतात, ते मुलांना फळ्यावर लिहून द्यायचो.

१२ जानेवारी
पोस्ट काढायला गेलो, वेळ उलटून गेली होती. ती पुण्यात, सूसला, मुलाच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोचलीये. मुलगा म्हणाला, "बाबा, एक कॉल करायचा ना कन्फर्म करायला." तो काय चूक बोलला?
बाकी सगळे समजूत घालतायत. जित्या माणसाच्या मरणाची आवई उठली की आयुष्य वाढतं. सरपंच तर म्हणाले, "गुरुजी, धा वर्सं वाढीवली की तुमी बाईंची! आता माझं बी लिवा." हसलो. आयुष्य वाढतं हे मला पटत नाही, पण आज दिवसभर तेच धरून बसलोय.

१४ जानेवारी, संक्रांत
बाई घरी आल्या. मंदा डबा घेऊन दारात. "बाईंनी तिळगूळ दिलाय. गोड बोला म्हनल्यात."
विचारलं, माझं ते... वाचलं का त्यांनी?
"मीच वाचून दाखीवलं. तीनदा. हासल्या लई. सासूचा पार्ट चांगला लिवलाय म्हनल्या."
"आणि?"
मंदा डब्याच्या झाकणाकडे बघत होती. "शेवटाला म्हनल्या, पश्चात कोनी न्हाई, आसं लिवलंय व्हय गं?"
लिहिलंय. 'त्यांच्या पश्चात कोणी नाही.' नवरा नाही, मूल नाही, पुण्यात एक पुतण्या, तो फिरकत नाही. शेवटच्या ओळीत परिवार लिहायची रीत, म्हणून लिहिलं. आणि ते तिने वाचून दाखवलं, जी बाईंना न्हाऊ-माखू घालते.
तिळगूळ तसाच डब्यात ठेवला.

१५ जानेवारी, गुरुवार
गेलो नाही. सर्दी आहे.

२२ जानेवारी, गुरुवार
सर्दी नव्हती. दाढी केली, पेपर घेतला, तिठ्यापर्यंत गेलो. तिथून बंगल्याचा पत्रा दिसतो. परत आलो. सौ.ला सांगितलं, बाई झोपल्या होत्या.

२९ जानेवारी, गुरुवार
मुद्दाम सूसला. नातवाबरोबर बसलो.

५ फेब्रुवारी, गुरुवार
चारला फोन वाजला. बाईंचा नंबर. वाजू दिला.
सौ.ने ऐकलं. "म्हातारी वाट बघत आसंल. चुकलं म्हनायला काय तोंड झिजतंय का?"
पुढच्या गुरुवारी नक्की. काय बोलायचं ते आधी लिहून नेईन.

१० फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी सातला मंदाचा फोन. या वेळी रेंज स्वच्छ होती.
"गुरुजी, बाई वारल्या. गेल्या न्हाई म्हनत मी. वारल्या."

१२ फेब्रुवारी, गुरुवार
सगळे विचारतायत, "गुरुजी, तुमचं अजून आलं नाही?" मला एक ओळ सुचत नाहीये.
दुपारी कुणीतरी जानेवारीतली माझी पोस्टच पुन्हा पुढे पाठवली. जशीच्या तशी. अंगठे, हात, रडके चेहरे. 'गुरुजी, डोळ्यांत पाणी आणलंत.' केंद्रप्रमुखांनीसुद्धा फूल टाकलं.
महिनाभर जी चूक होती, ती आता बरोबर ठरली. मला शिसारी आली स्वतःची.

१५ फेब्रुवारी, रविवार
देवळाच्या सभामंडपात शोकसभा. प्रमुख वक्ता मी. "बाईंच्या घरचा माणूस" अशी ओळख करून दिली. बोललो चांगला. सवय आहे. दर गुरुवारचा चहा, पेपर, दातातली पोकळी. लोक हसले, मग डोळे पुसले. एकही वाक्य खोटं बोललो नाही, आणि तरी...
मंदा मागे, चपलांपाशी बसली होती. तिला कुणी बोलायला सांगितलं नाही. मीही नाही.
निघताना म्हणाली, "चार गुरवार दोन कप मांडत व्हते. नगं म्हनलं तरी बाई मांडायला लावायच्या. म्हनायच्या, शरमलाय गं, येईल."

१९ फेब्रुवारी, गुरुवार
आज दहावा. पुतण्याने पुण्यातच उरकला. मी चार वाजता बंगल्यावर गेलो. मंदा भांडी आवरत होती, उद्या किल्ली द्यायची आहे. चहा विचारला नाही. मग म्हणाली, "सुतक हाय. आज फिटंल."
"तुला कसलं सुतक?"
"पाळलंय आमी. घरच्या सगळ्यांनी."
मी ओट्याला टेकून उभा राहिलो. बोललो एकदाचं. चुकलो मंदा. फोन परत लावायला हवा होता. ती ओळ लिहायला नको होती. आणि यायला हवं होतं. ती कप पुसत राहिली.
दुरुस्ती ग्रुपवर टाकतो म्हटलं. पहिली पोस्ट बाई जिवंत असतानाची, आणि शेवटची ओळ तर तेव्हाही खोटीच होती, हे सगळ्यांना सांगतो. तुझं नातं काय लिहू?
"नातं कशाला? मंदा लिवा." मग कप फळीवर पालथा घालत, "आनि तुमचं नाव न्हाई घालायचं?"
घरी आल्यापासून मोबाईल हातात आहे. दुरुस्ती लिहून झालीये, पाठवलेली नाही. शेवटची ओळ एवढीच: 'त्यांच्या पश्चात मंदा,'
स्वल्पविराम दिलाय. खोडवत नाही आणि पुढे