उणे वीस अंशांचा ठिपका

३ नोव्हेंबर
बंगळुरू झकास आहे! मारतहळ्ळीच्या पीजीत खिडकीची खोली मिळाली. कामही आवडीचं: लडाखच्या दुर्बिणीतून फोटो येतात, त्यातल्या एकेका ठिपक्याची आकाशातली जागा अंशांत लिहायची. विषुववृत्ताच्या उत्तरेला अधिक, दक्षिणेला उणे. शेजारी रक्षिता बसते, हेब्बाळची, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच मराठी. मला अक्का म्हणते. कायमची जागा मात्र एकच, दोघींतून एकीला मिळणार.

७ नोव्हेंबर
रक्षिताला कुठल्याच यादीत नसलेला ठिपका सापडला. उणे वीस अंश. साहेबांनी म्हैसूरपाक वाटला. मी तोंडभर हसले, पण पोटात दुखलं. तो फोटो तिच्याआधी मीच पाहिला होता.

१० नोव्हेंबर
ती डबा खायला गेल्यावर तिच्या फाइलमध्ये उणेचं अधिक करून टाकलं. आता दुर्बीण रिकाम्या जागी बघेल आणि बाईसाहेबांचं हसं होईल. बरं वाटलं.

११ नोव्हेंबर
ठिपका अधिक वीसवर सापडला! जुन्या जागी काहीच नाही. शिवाय तो मोठा झालाय. साहेब म्हणाले, रक्षिताचा आकडा चुकत नाही. आकडा माझा! ती कुजबुजली, "अक्का, स्वल्प भीती वाटते गं." ढोंगी कुठली.

१४ नोव्हेंबर
पुन्हा आकडा बदलला. ठिपका पुन्हा नव्या आकड्यावरच. आणखी मोठा. मी लिहिते तिथे तो जातो आणि शाबासकी तिला.

१७ नोव्हेंबर
जागा तिला मिळाली. अंगाचा तिळपापड झाला. बंगळुरूचा अक्षांश तेरा. तेरा अंशांवरचं सगळं या शहराच्या बरोबर डोक्यावर येतं. तिच्या घराच्याही. अधिक तेरा लिहिलं. आता भोग म्हणावं.

१८ नोव्हेंबर
भर दुपारी दिसतोय. ताटाएवढा. सरकत नाही. रस्त्यात सगळे वर बघत उभे— रक्षिता इथे नाहीच. सकाळच्या विमानाने लडाखला गेली, नव्या कामावर—

हेब्बाळ काय, मारतहळ्ळी काय. वरून एकच. हे मला कळायला नको होतं?

फाइल उघडत नाही. जागा तिची झाल्यापासून फक्त तिलाच उघडते—

खिडकीत उजेड नाही. त्याची सावली. कुत्री गप्प—

फोन हातात आहे. एवढंच सांगायचं, उणे वीस लिही. ती लगेच लिहील. गुणाची आहे. पण मग शहर वाचवलं कुणी, तर पुन्हा रक्षि