आतून लावलेली कडी

मुलुंड, मंगळवार, १२ ऑगस्ट १९८६

आलं: बोटीवर नोकरीला असलेल्या लेकाचं, अरुणचं पार्सल, आत कॉम्प्युटरवरच्या खेळाची एक कॅसेट. खर्च: पोस्टमनला चहा. चिठ्ठी नाही. वेष्टणाचा कागद दोनदा उलगडून पाहिला.

दिवा लावल्यावर सुधाने कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. खेळातही बोटच. केबिनला आतून कडी आणि आत दोन दिवसांपूर्वी मेलेला खलाशी. खुनी शोधायचा.

"आई, तू सांग, मी टाइप करते."

"आधी विचार, दोन दिवस कुणी दार का नाही वाजवलं?"

"मशीनला असलं कळत नाही गं."

शेवटी उलगडलं. औषधातून विष आधीच दिलेलं. कडी त्या बिचाऱ्याने स्वतःच लावली होती, झोपायला. सुधा खूश. माझ्या डोक्यातून ती कडी जाईना. अरुणने मागच्या पत्रात लिहिलंय, अंगात ताप आहे, कडी लावून झोपतो, म्हणजे कुणी उठवत नाही. त्या पत्राला महिना झाला. पार्सल त्याआधी निघालं की नंतर? पत्ता त्याच्याच अक्षरात आहे, पण शिक्का पुसट.

जपात दोनदा चुकले. मग परदेशी टपालाचं हवाईपत्र घेतलं आणि एवढंच लिहिलं: अरुण, केबिनची कडी लावू नकोस. बरा आहेस ना, ते उलट टपाली कळव.