येणार होता तो सिनेमा

मंगळ., ६ जाने.
अंगारकी. पहाटेपासून राजूर गणपतीच्या गर्दीने भरलेलं, जालन्याच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही. बियाण्यांच्या लॅबला चाळीस मिनिटं उशीर. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "हजेरीत नऊच लिही ना, कोण बघतंय." खरी वेळ लिहिली.
दुपारून अर्धी रजा, बाबांना घेऊन डोळ्यांच्या डॉ.कडे. काचबिंदू. उजवा डोळा जवळजवळ गेला, डावाही त्याच वाटेवर. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी जपायची. किती दिवस ते सांगता येत नाही म्हणाले. बाबांना समोरचं तेवढं गोल दिसतं, कडेचं सगळं काळं.
बाहेर येऊन बाबा हसले. "जल्मभर टॉकीजच्या केबिनीच्या भोकातूनच सिनेमा पाह्यला. आता भोक डोळ्यातच आलं."
मला हसता आलं नाही.

गुरु., ८ जाने.
बाबांनी माळ्यावरचा डबा काढायला लावला. टॉकीज बंद पडलं तेव्हा मशीन भंगारात गेलं. एमआयडीसीतल्या कुठल्या तरी भट्टीत वितळलं असेल, मी रोज त्याच रस्त्याने जाते. बाबांनी घरी आणला तो एवढा एकच डबा. वर खिळ्याने कोरलेला कंदील. बावीस वर्षं ऑपरेटर होते, पण अक्षर येत नाही, म्हणून प्रत्येक डब्याला त्यांचं एक चित्र असायचं.
आत ट्रेलरची पट्टी. आंबलेल्या चिंचेसारखा वास.
आई : "काढली का पुन्हा सवत बाहीर? घरभर वास सुटून राह्यला."
बाबा : "पट्टी चालताना एकदा दाखव मला, बाई. आन् सिनेमाचं नाव वाच. मंग मोबाइलात पुरा सिनेमा हुडक. डोळे हायेत तवर."
हा सिनेमा आमच्या टॉकीजला कधी आलाच नाही. ट्रेलर आलं, कितीतरी खेळांना लागलं, सिनेमा दुसरीकडेच गेला.
पट्टी कंपनीला परत करायची नव्हती का, विचारलं. "कंपनीच उठून गेल्ती. पाठवू कुठं?" तरी मनात राहिलं.
मी "बघते" म्हणाले. करते म्हणाले नाही.

शनि., १० जाने.
रीत बसली. आईच्या मोबाइलचा पडदा पांढरा करून खाली ठेवायचा, वर पट्टी, वर पुठ्ठ्याची खिडकी, माझ्या मोबाइलने फोटो. एका सेकंदाला चोवीस चित्रं. सकाळी गाडीच्या आधी शंभर होतात. सगळे फोटो मागून एकामागे एक जोडले की चालेल. आवाज मात्र येणार नाही.
पहिल्या चित्रांत विहिरीच्या काठावर लहान मुलगी, तोंड उघडं, कोणाला तरी हाक मारते. लांब बांधावरून पांढऱ्या लुगड्यातली बाई कंदील घेऊन चाललेली. पुढे रेल्वेचं स्टेशन येतं, पांढऱ्या लुगड्यातली बाई पाठमोरी. हे सगळं मला न पाहताच पाठ आहे. जेवताना बाबा सांगायचे. मी विचारायचे, मंग ती पोरीकडं येते का? "सिनेमा आला की कळंल."

रवि., ११ जाने.
आज २४०.
बाबांना म्हटलं, इतके पुरे सिनेमे दाखवले, त्यातला एखादा नको?
"पुऱ्या सिनेमात सगळं होऊन जातं. मेलेलं मरतं, लगीन झालेलं होतं. पब्लिक खुर्च्या वाजवत घरी जाते. ट्रेलरात पब्लिक कशी बसायची, म्हाईताय? पान खाणारं तोंड बी थांबायचं. केबिनीतून डोके दिसायचे नुसते, एक बी हलत नसायचं."
मग स्वतःच आवाज काढला, घशातून, ट्रेलरातल्या हिंदी निवेदकाचा : "जल्द आ रहा है! इसी परदे पर!" आई आतून म्हणाली, "तीस वर्सं झाली, अजून येऊनच राह्यला."

बुध., १४ जाने.
संक्रांत. आईबरोबर तिळाच्या भाकरी. बाबा बाहेर गेलेले. आई तव्याकडे बघत म्हणाली, "त्यांची माय हे चार वर्साचे अस्ताना निघून गेल्ती. मेली न्हाई, गेली. त्या घरात कोणी नाव काढत न्हाई. तू बी इचारू नको."
विचारणार नाही. पण विहिरीवरच्या मुलीचे फोटो पुन्हा उघडून पाहिले.

मंगळ., २० जाने.
अर्धी पट्टी झाली. पट्टीत एक जोड लागला, फिल्म चिकटवायच्या सिमेंटने मारलेला. जोडाच्या अलीकडे नऊ चित्रं नुसती अक्षरांची. चालत्या ट्रेलरात पापणी लवायच्या आत निघून जाणार, पण थांबलेल्या चित्रात स्वच्छ वाचता येतात. सिनेमाचं नाव आहे. ट्रेलरात नाव शेवटी येतं, म्हणजे ट्रेलर इथे संपतं. जोडाच्या पलीकडे स्टेशन सुरू होतं.
तीनदा वाचलं. स्टेशन वेगळ्याच ट्रेलरचं आहे. एकाचं शेपूट तुटलं, दुसऱ्याचं तोंड तुटलं, मध्ये बाबांचा जोड.
दिवसभर लॅबमध्ये मोजण्यात चुकले. ओल्या कागदातल्या शंभर बिया, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.
बाबांनी विचारलं, "नाव आलं का?" मी म्हणाले, गाडी चुकेल. गाडीला वीस मिनिटं होती.

गुरु., २२ जाने.
बाबांच्या हातात पट्टी दिली. कडेवरून अंगठा फिरवत गेले आणि जोडावर थांबले. "हा माझा. मशीनीत गुतून दोन पट्ट्यायचे तुकडे झाल्ते, पब्लिक बोंबलून राह्यली. दोन मिन्टात मारला. बिलकुल बराबर बसला."
"जोडताना इथं अक्षरं दिसली होती?"
"अक्षरं तर सगळ्याच पट्ट्यांत राहतात. लुगडं पाह्यलं मी. पांढऱ्याला पांढरं."
मग म्हणाले, "तुला साळंत कशाला घातलं मंग? डब्यावरचं वाचायलाच की."

रवि., २५ जाने.
नावावरून सिनेमा सापडला. दुपारी मागच्या खोलीत कानात वायर घालून पाहिला. कंदीलवाली बाई पाऊण तासातच तापाने मरते. मुलगी मोठी होते, तिचं लग्न, शेवट. स्टेशन कुठेच नाही. काही गाळलं तर नाही ना म्हणून पुन्हा सबंध पाहिला.
एक आशा आहे. स्टेशनवरची बाई अजून पाठमोरी आहे. तीच नटी दुसऱ्या सिनेमातही असू शकते. मग निदान एवढं तरी खरं सांगता येईल की बाई एकच आहे.
आई आत आली तशी मी स्क्रीन बंद केली. यात मी काय चूक केली, कळत नाही, पण केल्यासारखं वाटतं.

बुध., २८ जाने.
लॅब. एका कागदात कोंब वाकडा, मूळ अर्धं. वाकडा कोंब उगवलेल्यात धरायचा नसतो. नाही धरला. पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसले.
बाबांनी आज दाराची चौकट धरताना हात हवेत घातला.

गुरु., २९ जाने.
ती वळली. शेवटची एकोणीस चित्रं. दुसरीच बाई. गोल चेहरा, हनुवटीवर तीळ, वयानेही लहान. केबिनच्या भोकातून, एवढ्या लांबून, एका सेकंदाहून कमी वेळात, तेही मशीनच्या दिव्याचे कार्बन सांभाळताना. बाबांना कसं कळणार होतं?
की कळलं होतं?

शनि., ३१ जाने.
पुरी झाली. २१०४ चित्रं, दीड मिनिटाला थोडं कमी.
दोन फाइली केल्या. एकीत सगळं आहे. दुसरीत अक्षरांची नऊ आणि चेहऱ्याची एकोणीस नाहीत. अठ्ठावीस चित्रं, सव्वा सेकंदसुद्धा नाही. त्यात बाई कंदील घेऊन जाते, स्टेशनवर येते आणि वळायच्या आत संपतं.
दुसरी लावली तर ते नाव विचारतील. तेव्हा तोंडानेही खोटं बोलावं लागेल. पहिली लावली तर त्यांच्या डाव्या डोळ्यात शेवटचा राहील तो परका चेहरा, आणि तो मी ठेवलेला असेल.
आईला विचारलं, कोणाचं नाव न घेता. आई म्हणाली, "त्यायला काय पाह्यचंय ते त्यायलाच इचार."
कसं विचारू?

रवि., १ फेब्रु.
सकाळी बाबांनी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले. आईने खिडकीला चादर लावली, म्हणाली, "टॉकीजात उजेड नसतो." मोबाइल पाटावर उभा केला. बाबा अगदी जवळ बसले, मान जरा डावीकडे, चित्र त्यांच्या गोलात येईपर्यंत सरकत राहिले.
मी म्हणाले, "बाबा, ती एकच बाई आहे असं तुम्हाला वाटतं?"
बाबा मोबाइलकडेच बघत म्हणाले, "चार वर्साच्या लेकराला काय म्हाईत रहातं? पांढरं लुगडं म्हाईत रहातं."
आई चादरीचं टोक धरून तशीच उभी.
दोन्ही फाइली एकाखाली एक दिसत होत्या. माझा अंगठा दोन्हींच्या मध्ये, हवेत.
"लाव ना, बाई," बाबा म्हणाले. "पब्लिक शिट्ट्या मारून राह्यली."